कोरडं गोणपाट

बर्फाच्या कारखान्यात काहीच टिकत नाही, असं लोकांना वाटतं. बर्फ टिकत नाही, हे खरं. सकाळी काढलेली लादी दुपारी पाणी आणि संध्याकाळी नुसता ओला डाग. पण किस्से मात्र इथं असे साठतात की विचारू नका! कारण साधं आहे. लाईट गेली की कंप्रेसर बंद, कंप्रेसर बंद की हात रिकामे, आणि हात रिकामे झाले की तोंडं सुरू. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट किती वेळा जाते, हे मी सांगायला नको.

आमचा कारखाना रेवदंड्याच्या पुढं, खाडीला लागून. मी तिथं ऑफिस बघते, म्हणजे फोन, होड्यांच्या ऑर्डरी, टेम्पो आणि सगळ्यांची भांडणं. मला सगळे वैनी म्हणतात, माझ्या सासऱ्यांच्या वयाचेसुद्धा. त्यातले एक इब्राहिमचाचा, बर्फाच्या टाकीवरचे ऑपरेटर. कारखान्याचे मालक दोनदा बदलले, चाचा तेच राहिले. दुसरा गजा, टेम्पोवाला. त्याच्या टेम्पोला ब्रेक आहे, तोंडाला नाही.

गेले दोन उन्हाळे आमच्याकडे दोन पाहुणे येतात आणि दोघंही जायचं नाव घेत नाहीत. एक ऊन. कोकणात घाम येतो, पण हे ऊन वेगळंच, त्यात घामसुद्धा येत नाही. दुसरे धक्के, भूकंपाचे. पेपरात दोन ओळी येतात, 'सौम्य धक्के' म्हणून. सौम्य लिहिणाऱ्याची कौलं सरकलेली नसतात.

*

पहिला धक्का आला तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर धावलं आणि आम्ही आत चहा पीत बसलो होतो.

त्याचं कारण कंप्रेसर. तो चालू असला की आमची जमीन दिवसभर हलते. टेबल हलतं, कपातला चहा हलतो, भिंतीवरचा गणपती आणि त्याच्या शेजारचा मक्का-मदिनेचा फोटो दोघंही हलतात. आम्हाला त्याची इतकी सवय की सुट्टीच्या दिवशी घरी जमीन गप्प असते म्हणून मला चुकल्यासारखं होतं. बाहेर माणसं ओरडत होती आणि गजा बिस्किट बुडवत म्हणत होता, कुणाची तरी मारामारी झाली वाटतं.

नंतर कळलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. गावाला भूकंप झाला आणि कारखान्याला झालाच नाही!

पंधरवड्यानं ते हसू जिरलं. दुपारची वेळ होती. मी टाकीच्या हॉलमध्ये चाचांना काही विचारायला गेले. ते खांबावर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे होते. मशीन कसं चालतंय हे ते असंच बघतात, डॉक्टरांनी नाडी बघावी तसं. म्हणाले, आज बघा वैनी, किती गोड चालतंय, कुठं अडखळत न्हाय.

मी म्हटलं, "चाचा, लाईट जाऊन तास झाला."

त्यांनी डोळे उघडले. कंप्रेसर बंद होता, पंखे बंद होते. मीही खांबाला हात लावून बघितला. आतून काहीतरी एका लयीत थडथडत होतं. चाचांनी हात हळूच काढून घेतला आणि लुंगीला पुसला.

*

ऊन वाढलं तसा आमच्या कारखान्याला भाव आला. टाकी म्हणजे जमिनीत बांधलेला मोठा हौद. त्यात मिठाचं गारढोण पाणी, त्या पाण्यात साध्या पाण्याचे पत्र्याचे डबे उभे सोडलेले, आणि वरून लाकडी फळ्या. त्या फळ्यांवर बसलं की मे महिना बाहेर राहतो. मग काय, ज्यांनी जन्मात बर्फ विकत घेतला नाही तेही चौकशीला यायला लागले. वामनमामा नावाचे एक निवृत्त मास्तर रोज एक वाजता लाद्यांची क्वालिटी बघायला यायचे आणि फळीवर बसल्या बसल्या घोरायचे.

एकदा तर नवरी आली. लग्न समोरच्याच मांडवात, मुहूर्त भर दुपारचा, कारण भटजी दुसरीकडून मोकळे झाले तेव्हाची ती वेळ. मेकअप वितळायला लागला तशी तिची मावशी तिला धरून आमच्याकडे घेऊन आली. मी फळ्यांवर खुर्ची टाकून दिली. पोरगी शालू सावरून बसली, जरा सुखावली, आणि मग एकदम पाय वर घेऊन बसली.

म्हणाली, खालून कुणीतरी ठोकतंय.

मावशीनं तिला गप्प केलं. चाचा हसून म्हणाले, डबे एकमेकाला लागत असतील, घाबरू नको. पोरगी तशीच पाय वर घेऊन बसून राहिली, आणि मंगलाष्टकांत शिंकत शिंकत तिचं लग्न लागलं. गजा अजून तिच्या नवऱ्याला विचारतो, सर्दी गेली का म्हणून.

पण डबे एकमेकांना कधी लागतात? टाकी हलली तर. आणि त्या दिवशी टाकी हलल्याचं आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हॉलच्या मागच्या भिंतीला, चाचांच्या खाटेच्या बरोबर वर, चीर दिसली. नवरीच्या कपाळावर जसा आडवा मळवट भरतात तशी आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

*

आता एक आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

इथल्या निम्म्या घरांतली माणसं आखातात आहेत, बाकीच्यांची मुंबईत आणि पनवेलला. घरात कुणी गेलं तर मुलगा येईपर्यंत मयताला बर्फात ठेवावं लागतं. हिंदू असो, मुसलमान असो, बर्फ आमच्याकडूनच जातो. पण त्या घरच्या माणसाला 'बर्फ द्या' असं तोंडानं म्हणावं लागत नाही. तो रिकामं गोणपाट खांद्यावर टाकून फाटकात येऊन उभा राहतो. बोलत नाही. आपणही विचारायचं नाही, कोण गेलं, कधी गेलं. चाचा हातातलं काम टाकून उठतात, लादीचा एक तुकडा तोडतात आणि दोन्ही हातांवर घेऊन स्वतः फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या जुन्या, डेरेदार भेंडीच्या झाडापर्यंत नेऊन देतात. बाकीचा बर्फ मागून गजाचा टेम्पो नेतो. पण पहिला तुकडा चाचांच्याच हातून. ताप असो, रोजा असो, तो तुकडा ते दुसऱ्या कुणाला देऊ देत नाहीत. म्हणतात, दारात आलेल्याला एवढं तरी चालून सोडायला हवं.

तर या उन्हानं त्या रीतीचा विचका केला.

लोक डोक्यावर, खांद्यावर ओली गोणपाटं टाकून फिरायला लागले. पोलीसही तसेच फिरले, सरपंचही. एके दिवशी वामनमामा ओलं गोणपाट खांद्यावर टाकून फाटकात आले आणि उन्हानं घशाला कोरड पडली म्हणून न बोलता उभे राहिले. चाचांनी बघितलं. उठले, तुकडा तोडला, मान खाली घालून भेंडीच्या झाडापर्यंत नेऊन दिला. मामांना वाटलं, मे महिन्याची स्कीम आहे. आनंदानं घरी घेऊन गेले आणि कोकम सरबत केलं.

इकडं चाचांच्या पाठोपाठ बातमी सुटली. मामी तशा आजारीच असायच्या. संध्याकाळपर्यंत शेजारणी पदर डोळ्याला लावून मामांच्या ओटीवर जमल्या. मामी आतून सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, आज काय आहे?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. चाचा मात्र हसले नाहीत. मयताचा बर्फ जित्यानं प्यायला, हे त्यांच्या जिवाला लागलं. शेवटी गजानंच तोड काढली, की आधी गोणपाट बघायचं. ओलं असलं तर उन्हाचं, कोरडं असलं तर मयताचं. गावात सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते पाळलं.

मामी त्यानंतर आठच दिवसांनी गेल्या. मामा आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गोणपाट कोरडं होतं.

*

त्या चिरेचं पुढं असं झालं. मालकांनी एक इंजिनियर पाठवला. त्यानं चिरेवर काचेची एक पट्टी आडवी चिकटवली आणि सांगितलं, ही काच तडकली तर भिंत सरकतेय असं समजा, हॉलच्या त्या बाजूला कुणी बसायचं नाही. काच तडकली. चाचा म्हणाले, गर्मीनं तडकली. मी दुसरी लावून घेतली. तीही तडकली. चाचा म्हणाले, काच आजकाल चांगली येत न्हाय.

खाट मात्र हलली नाही. बाराच्या पुढं चाचा त्या भिंतीखाली आडवे, ते थेट ऊन उतरतानाच्या असरच्या अजानपर्यंत.

मला त्या माणसाचा राग यायचा. खरं सांगायचं तर भीती वाटायची. ऑफिसात बसले तरी अर्धं लक्ष त्या भिंतीकडे. मी भांडले, गजानं खाट लपवून ठेवली, तर चाचा फळीवर झोपले, तिथंच! शेवटी खाट परत आणून दिली. मालकांचा फोन आला, तर त्यांना 'हां साहेब, हां साहेब' म्हणून फोन ठेवला आणि कूस बदलली.

पण त्यांचंही काही चूक नव्हतं. आदल्या वर्षी ते भर उन्हात घरी जेवायला चालत गेले आणि रस्त्यात पडले. अलिबागला हॉस्पिटलात अंगावर आमच्याच कारखान्याचा बर्फ ठेवून त्यांना शुद्धीवर आणलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, पुन्हा ऊन लागलं तर हे शरीर सोसणार नाही. ऑफिसच्या खोलीत वरून पत्रा तापतो, चाचांच्या घरावरही पत्राच. गार जागा गावात एकच, आणि ती त्या भिंतीखाली.

एकदा मी फारच बोलले तेव्हा ते उठून बसले. शांतपणे म्हणाले, "वैनी, भिंत पडंल तवा पडंल. ऊन तर रोज पडतंय. मी कुनाला भ्यायचं ते तुमीच सांगा."



*

हमीदाचाची, म्हणजे चाचांच्या घरच्या, रोज डबा घेऊन यायच्या, पण हॉलमध्ये पाऊल टाकायच्या नाहीत. दारातून हाक मारायच्या. घरी त्यांनी खिडकीत एका ताटावर स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचून ठेवले होते, धक्का आला की पडून आवाज व्हावा म्हणून. ते बघून गल्लीत सगळ्यांनीच रचले.

एका दुपारी एका घरातले पेले पडले. तो आवाज ऐकून दुसरी धावली, तिच्या धक्क्यानं तिचे पडले, मग तिसरीचे. सगळी गल्ली अनवाणी डांबरी रस्त्यावर! वर ऊन, खाली डांबर. माणसं अशी नाचत होती की गजाला वाटलं वरात आली. धक्का नव्हताच, मांजर असणार असं सगळ्यांनी ठरवलं. भूकंपानं आजवर कुणाला लागलं नव्हतं, पण त्या दिवशी अर्ध्या गल्लीचे तळवे भाजले.

त्या मांजराला सगळ्यांनी शिव्या घातल्या. मग दोन-तीन दिवसांनी बंदरावरची एक कोळीण बोलता बोलता म्हणाली, सुकत घातलेल्या बोंबलांवर हल्ली राखण बसावं लागत न्हाय. का, तर मांजरंच नाहीत. आम्ही सगळ्यांनी मान वळवून बघितलं. बांबूच्या वलांडीवर बोंबील ओळीनं टांगलेले, खाली जवळा पसरलेला, आणि आजूबाजूला एकही मांजर नाही. कावळेही नाहीत. मासे सुकवायच्या जागी एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

त्याच दिवशी चाची दारात उभ्या राहून चाचांना म्हणाल्या, "तुमाला हितनं उठवायला आता गोणपाट खांद्यावर टाकूनच यायला पायजे."

बोलून गेल्या आणि लगेच दोन्ही गालांवर हात मारून 'तौबा, तौबा' केलं. आम्हीही खाली बघितलं. चाचांना बाहेर काढायची ती एकच युक्ती होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण ती कुणी केली नसती. त्या गोणपाटाची थट्टा आमच्याकडे कुणी करत नाही.

*

आता शेवटचं. हे मी फार जणांना सांगत नाही.

चाची आदल्या दिवशी आगरदांड्याला लेकीकडे गेल्या होत्या. दुपार होती, लाईट गेलेली, कंप्रेसर बंद. गजा टेम्पोच्या सावलीत पडला होता. मी ऑफिसच्या खिडकीत ओला रुमाल डोक्यावर टाकून बसले होते. बाहेर इतकं ऊन की फाटकाचं लोखंड डोळ्यांना पांढरं दिसत होतं. रस्त्यावर कुणी नाही. चाचा खाटेवर, भिंतीखाली.

फाटकात कुणीतरी उभं होतं.

कधी आलं, कुठून आलं, मी बघितलं नाही. उन्हामुळं चेहरा दिसत नव्हता. बाई की माणूस, तेही मला नीट सांगता येणार नाही. फक्त खांद्यावरचं गोणपाट दिसलं, आणि ते कोरडं होतं.

सकाळपासून गावात काही ऐकलं नव्हतं. अशी बातमी आमच्याकडे माणसाच्या आधी पोचते. मी उठून चाचांना हाक मारणार, तेवढ्यात ते स्वतःच दारात आले. मला म्हणाले, दिसलं मला, बसा तुमी. आत जाऊन त्यांनी तुकडा तोडला. बर्फ फोडायच्या टोच्याचे तीन-चार घाव मला ऐकू आले. मग दोन्ही हातांवर बर्फ घेऊन, मान खाली घालून ते उन्हात निघाले. मी मागून ओरडले, चाचा, डोक्यावर काहीतरी घ्या. त्यांनी ऐकलं नाही. पुढं ते गोणपाट, मागं चाचा, दोघं फाटकाबाहेर गेले, रस्ता ओलांडला, झाडाखाली पोचले.

तेवढ्यात खालून गुरगुर आली. या वेळी कंप्रेसर बंद होता, म्हणून आम्हालाही कळलं. माझं टेबल जागचं सरकलं. गणपती पडला, मक्का-मदिनेचा फोटो पडला. आणि हॉलच्या बाजूनं असा आवाज झाला की मला वाटलं टाकीच फुटली. मी आणि गजा बाहेर धावलो. धुळीनं काही दिसत नव्हतं. धूळ बसली तेव्हा मागची अख्खी भिंत आत आडवी झाली होती, वरच्या काँक्रीटच्या पट्ट्यासकट. खाटेचा एक पाय तेवढा बाहेर दिसत होता.

गजा, ज्याचं तोंड कधी बंद नसतं, तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मी म्हटलं, अरे, चाचा बाहेर आहेत, उठ. सांगताना माझंही रडू थांबत नव्हतं.

चाचा भेंडीच्या झाडाखाली एकटेच उभे होते. बर्फाचा तुकडा अजून त्यांच्या दोन्ही हातांवर होता. पाणी कोपरांवरून गळत होतं, सदरा भिजला होता, आणि त्या उन्हात त्यांचे दात वाजत होते. गजानं तुकडा काढून घ्यायला हात पुढं केला, पण त्यांची बोटं सुटेनात. रस्ता दोन्हीकडे लांबपर्यंत सरळ दिसतो. रस्त्यावर कुणी नव्हतं.

मी आधी चाचींना फोन लावला, कारण डोक्यात त्यांचं ते गोणपाटाचं बोलणं आलं. त्यांनी लेकीच्या घरूनच उचलला. मागं नातवंडं ओरडत होती, धक्का आम्हालापण जाणवला म्हणून. मी फोन चाचांच्या कानाला लावला. ते नुसतं हां, हां म्हणाले. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही गावात कुणाकडे मयत नव्हतं.

चाचांना सावलीत बसवलं, पाणी पाजलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला. रीत मोडून मी विचारलं, कोण होतं ते, आणि बर्फ न घेता का गेलं?

चाचांनी पडलेल्या भिंतीकडे बघितलं.

"आवाज झाला तसा त्यानं माझ्या खांद्यावरनं मागं कारखान्याकडं बघितलं, वैनी. मग गोणपाटाची घडी घातली. मला म्हनला, 'आता नको.'"